नियमांचा जमाखर्च

बँकेच्या वार्षिक हिशेबात पगार, भाडे, वीज, छपाई, टपाल, विमा, घसारा अशी खर्चाची नाना सदरे असतात. पण ग्राहकाच्या हितासाठी सरकारने घालून दिलेले नियम पाळण्यापायी वर्षभरात किती पैसा खर्ची पडला, हे सांगणारे स्वतंत्र सदर त्या हिशेबात सहसा आढळत नाही. आणि ज्या खर्चाला सदर नाही, त्याच खर्चाविषयी जेवढा गलबला होतो तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाविषयी होत असेल. नवा नियम निघणार अशी कुणकुण लागली, की बँकांच्या संघटना खर्चाचे आकडे घेऊन कायदेमंडळाच्या दारी उभ्या राहतात, ग्राहकांचे कैवारी तेच आकडे फुगवलेले ठरवतात, आणि ज्याने निवाडा करावयाचा त्या नियामकाच्या दप्तरात दोहोंपैकी कोणाचेही म्हणणे पडताळून पाहण्याजोगा कागद बहुधा नसतो. असा कागद तयार करण्याचे जे प्रयत्न गेल्या काही दशकांत झाले, त्यांतले बहुतेक अमेरिकेत झाले. म्हणून या प्रकरणाचा मुक्काम मुख्यतः तिकडेच राहील.

हा खर्च नेमका कोठे दडलेला असतो, हे समजण्यासाठी एक सामान्य प्रसंग घेऊ. एका अमेरिकन गृहस्थाने आपल्या खात्याचे मासिक विवरणपत्र चाळले आणि एटीएममधून आपण कधीच न काढलेले दोनशे डॉलर आपल्या नावे पडलेले त्याला दिसले. १९७८ सालचा ‘इलेक्ट्रॉनिक फंड ट्रान्स्फर ॲक्ट’ आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी केलेला, ‘रेग्युलेशन ई’ या नावाने ओळखला जाणारा नियम अशा वेळी त्याच्या पाठीशी उभा असतो. विवरणपत्र रवाना झाल्यापासून ६० दिवसांच्या आत त्याने तक्रार केली, तर बँकेला सर्वसाधारणपणे कामकाजाच्या १० दिवसांत चौकशी पुरी करावी लागते. तेवढ्यात ती होण्यासारखी नसेल तर ४५ दिवसांपर्यंत मुदत घेता येते, पण मग त्या १० दिवसांच्या आत वादातली रक्कम तात्पुरती त्याच्या खात्यात जमा करावी लागते. चूक झाल्याचे ठरले तर कामकाजाच्या एका दिवसात ती दुरुस्त करावी लागते आणि चौकशीचा निकाल तीन दिवसांत ग्राहकाला कळवावा लागतो. नियमाचे म्हणणे एवढेच आहे. पण त्याबरहुकूम वागावयाचे म्हणजे, दूरध्वनी उचलणाऱ्या कर्मचाऱ्याला ही गोष्ट ‘तक्रार’ या सदरात मोडते हे ओळखण्याचे शिक्षण दिलेले असावे लागते, तक्रार आली त्या क्षणापासून दिवस मोजणारी संगणकीय व्यवस्था असावी लागते, एटीएमच्या जाळ्याकडून त्या व्यवहाराची नोंद मागवावी लागते, ग्राहकाला धाडावयाच्या पत्रांचे मसुदे वकिलाने तपासलेले असावे लागतात, आणि हे सारे यथास्थित चालले आहे की नाही हे पाहणारा अंतर्गत लेखापरीक्षक असावा लागतो. यांपैकी बहुतेक माणसे आणि यंत्रे इतर दहा कामेही करीत असतात. एकत्र कुटुंबाच्या माजघरात जळणाऱ्या एकाच दिव्याच्या तेलापैकी किती तेल थोरल्या मुलाच्या अभ्यासासाठी जळले आणि किती आजीच्या पोथीसाठी, असा हिशेब मागण्यासारखेच हे आहे. तेल संपले हे निर्विवाद, वाटणी मात्र ज्याने त्याने आपल्या मताप्रमाणे करावी.

अमेरिकेत अशा नियमांची परंपरा १९६८ च्या ‘ट्रूथ इन लेंडिंग ॲक्ट’पासून सुरू होते. कर्ज देणाऱ्याने व्याजाचा वार्षिक दर एका ठरावीक रीतीने काढून कर्जदाराला आधी सांगितला पाहिजे, ही त्या कायद्याची मूळ कल्पना दिसावयास साधी होती. पण काय व्याजात धरावयाचे आणि काय नाही या प्रश्नाने पुढील बारा वर्षे न्यायालये आणि फेडरल रिझर्व्हचे दप्तर इतके व्यापून टाकले, की १९८० साली त्या कायद्याचे सुलभीकरण करणारा दुसरा कायदा करावा लागला. पुढे ठेवींवरील व्याजाविषयी १९९१ चा ‘ट्रूथ इन सेव्हिंग्ज ॲक्ट’ आला, ग्राहकाच्या माहितीच्या गोपनीयतेविषयी १९९९ चा कायदा आला, आणि २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर, २१ जुलै २०१० रोजी, ‘डॉड-फ्रँक’ या नावाने प्रसिद्ध असलेला प्रचंड कायदा मंजूर होऊन त्यातून ‘कन्झ्यूमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो’ हे नवे खाते जन्मास आले. या खात्याच्या हाती नियम करण्याचे विस्तृत अधिकार देताना कायदेमंडळाने त्याच्या पायात एक बेडीही घातली: नियम करताना ग्राहकांना आणि वित्तसंस्थांना होणारे संभाव्य लाभ आणि पडणारा संभाव्य खर्च यांचा विचार केलाच पाहिजे, नियमामुळे कर्ज किंवा खाते मिळणेच दुरापास्त होईल काय हे पाहिले पाहिजे, १० अब्ज डॉलर किंवा त्याहून कमी मत्ता असलेल्या संस्थांवर आणि ग्रामीण ग्राहकांवर काय परिणाम होईल हे स्वतंत्रपणे पाहिले पाहिजे, आणि महत्त्वाचा प्रत्येक नियम अमलात आल्यापासून पाच वर्षांच्या आत त्याचे मूल्यमापन करून अहवाल प्रसिद्ध केला पाहिजे. याखेरीज, लहान उद्योगांवर मोठा भार टाकणारा नियम करावयाचा असल्यास त्याच्या मसुद्याआधी त्या उद्योगांच्या प्रतिनिधींचे मंडळ बसवून त्यांची कैफियत ऐकण्याचे बंधन, जे पूर्वी पर्यावरण आणि कामगार-सुरक्षा या दोन खात्यांवरच होते, तेही या तिसऱ्या खात्याला लागू झाले.

लाभ-खर्चाचा विचार करण्याचे बंधन केवळ कागदी नाही, हे त्याच सुमारास दुसऱ्या एका खात्याच्या अनुभवावरून सर्वांना कळून चुकले. भागधारकांना संचालकपदाचे उमेदवार सुचवता यावेत असा एक नियम रोखे बाजाराच्या नियामकाने केला होता. तो ग्राहकसंरक्षणाचा नियम नव्हे, परंतु जुलै २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने, नियमाच्या आर्थिक परिणामांचा पुरेसा अंदाज घेतला नाही या कारणास्तव, तो रद्दबातल ठरवला. ‘खर्च मोजला नाही’ हा आक्षेप आता सभेतल्या भाषणापुरता न राहता दाव्याचा मुद्दा झाला, आणि मोजमापाच्या पद्धतीला जे महत्त्व आधी अर्थशास्त्रज्ञांच्या खोलीत होते ते वकिलांच्या दप्तरातही आले.

या पार्श्वभूमीवर नव्या खात्याने नोव्हेंबर २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला या विषयातला सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज वाटतो, आणि तो प्रामाणिक वाटण्याचे मुख्य कारण त्याचा संकोच हे आहे. साऱ्या देशातल्या बँकांचा एकूण खर्च सांगण्याचा आव त्याने आणला नाही. लहानमोठ्या अवघ्या सात बँका घेतल्या, त्यांची नावे गुप्त ठेवली, आणि चालू खाते, बचत खाते, डेबिट कार्ड आणि खात्यात शिल्लक नसताना पैसे देण्याची सोय, म्हणजे ओव्हरड्राफ्ट, एवढ्याच सेवांपुरता विचार केला. नियमही मोजकेच घेतले: वर सांगितलेला ‘रेग्युलेशन ई’, ठेवींवरील व्याजाचा ‘रेग्युलेशन डीडी’, गोपनीयतेचा ‘रेग्युलेशन पी’ आणि पतविषयक माहितीचा ‘रेग्युलेशन व्ही’. त्यातही नियम प्रथम अमलात आणताना येणारा खर्च बाजूला ठेवून, नियम अंगवळणी पडल्यावर वर्षानुवर्षे येत राहणारा खर्चच धरला. मग त्या त्या विभागातल्या माणसांना भेटून, कोणत्या कामात कोणाचा किती वेळ जातो आणि त्यातला किती या नियमांमुळे जातो, याची चौकशी करण्यात आली. सात बँकांवरून साऱ्या उद्योगाविषयी अनुमान काढू नये, हे अहवालाने स्वतःच बजावले आहे.

निष्कर्षांपैकी पहिला असा, की खर्चाचा भार प्रामुख्याने पाच ठिकाणी पडतो: व्यवहारांची प्रत्यक्ष कार्यवाही करणारा विभाग, संगणक विभाग, कर्मचारी विभाग, नियमपालनाचा खास विभाग आणि ग्राहकांशी समोरासमोर संबंध येणारा शाखांचा विभाग, आणि त्यांतही कार्यवाही व संगणक या दोन विभागांचा वाटा ठळक होता. नियमपालनाचा खर्च म्हणजे नियमपालन अधिकाऱ्यांचा पगार, अशी जी समजूत वृत्तपत्रांतल्या लेखांतून सर्रास आढळते, तिला या निष्कर्षाने चांगलाच तडा जातो. कारण पाटीवर ‘नियमपालन’ लिहिलेल्या खोलीत त्या खर्चाचा एक भागच बसतो, आणि उरलेला ज्या खोल्यांवर तशी पाटी नाही तेथे विखुरलेला असतो. दुसरा निष्कर्ष नियमांच्या स्वरूपाविषयीचा होता. ग्राहकाची संमती घेणे आणि चुकांचे निवारण करणे, ठरावीक माहिती ग्राहकाला पुरवणे, आणि जाहिरातींना लावलेली मानके पाळणे, या तीन प्रकारच्या बंधनांचा भार अधिक होता. यांपैकी पहिल्या दोहोंविषयी नवल वाटू नये. जाहिरातींचे मात्र वाचताना मला प्रथम आश्चर्य वाटले. मागाहून ध्यानात आले, की माहितीपत्रकाचा नमुना एकदा ठरला की यंत्र तो लाख वेळा छापते, पण जाहिरात दर वेळी नवी असते, आणि प्रत्येक नव्या जाहिरातीचा शब्दन् शब्द कोणीतरी शहाण्या माणसाने बसून वाचावा लागतो.

एवढे झाले तरी सर्वांत अवघड प्रश्नाला आपण अजून हात घातलेला नाही. आपल्या त्या गृहस्थाचे दोनशे डॉलर गेले असताना, समजा ‘रेग्युलेशन ई’ मुळीच अस्तित्वात नसता, तर बँकेने त्याची तक्रार ऐकली नसती काय? ऐकली असती, निदान चांगल्या बँकेने ऐकली असती, कारण ग्राहक गमावणे तिलाही परवडणारे नाही. मग चौकशीचा सारा खर्च नियमाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरते. नियमामुळे झालेला खर्च म्हणजे केवळ फरक, बँकेने जे आपणहून केले असते आणि नियमामुळे तिला जे करावे लागले त्यांच्यामधला. पण यातली एक बाजू काल्पनिक आहे. जी बँक चाळीस-पंचेचाळीस वर्षे त्या नियमाखाली वाढली, जिच्यातल्या एकाही कर्मचाऱ्याने नियमापूर्वीचे दिवस पाहिलेले नाहीत, तिला ‘नियम नसता तर तुम्ही काय केले असते?’ असे विचारणे म्हणजे तिच्याकडून साक्ष नव्हे, कादंबरी मागणे आहे. इंग्लंडच्या नियामकाने २००६ मध्ये ‘डेलॉइट’ या हिशेबतपासनीस पेढीकडून करून घेतलेल्या खर्चाच्या अभ्यासात हाच फरक मोजण्याची खटपट होती. त्या अभ्यासाचे क्षेत्र कंपन्यांचे अर्थव्यवहार, संस्थांच्या निधीचे व्यवस्थापन आणि गुंतवणूक-निवृत्तिवेतनाचा सल्ला एवढे होते, आणि तेथेही उत्तर शेवटी त्या त्या संस्थेतल्या माणसांच्या अंदाजावरच टेकले.

हॉलंडमधल्या लोकांनी या पेचातून एक व्यवहारी वाट काढली. या शतकाच्या आरंभी त्यांनी बसवलेल्या पद्धतीत प्रत्येक नियमाचे सुटे सुटे कामांत विभाजन करावयाचे, एका कामाला लागणारे तास, तासाचे वेतन, वर्षातून किती वेळा ते काम पडते आणि किती आस्थापनांना करावे लागते, यांचा सरळ गुणाकार करावयाचा, आणि ‘नियम नसता तर’ या चर्चेत फारसे शिरावयाचे नाही. या रीतीने त्यांनी आपल्या देशातल्या उद्योगांवरील कागदोपत्री कामाचा बोजा १६.४ अब्ज युरो, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ३.६ टक्के, असा काढला आणि तो चतुर्थांशाने कमी करण्याचा संकल्प सोडला. अमेरिकेतही १९८० च्या ‘पेपरवर्क रिडक्शन ॲक्ट’पासून सरकारी माहितीसंकलनाच्या प्रत्येक प्रकाराला किती तास लागतील याचा अंदाज जाहीर करण्याची चाल आहे. गुणाकाराची ही रीत स्वच्छ आहे, तपासता येते, आणि म्हणूनच मला ती आवडते. मात्र तिच्यात मिळते ते कामाचे माप, नियमाने वाढवलेल्या कामाचे नव्हे, हे विसरले की तीच रीत फसवी होते.

आता ज्या अभ्यासाकडे माझ्या मते सर्वांत अधिक लक्ष जावयास हवे होते, त्याकडे वळतो. ‘ट्रूथ इन सेव्हिंग्ज’ कायदा बँकांनी प्रथम अमलात आणला तेव्हा त्यांना काय खर्च आला, याचे विश्लेषण फेडरल रिझर्व्हमधील ग्रेगरी एलिहाउसेन आणि बार्बरा लाउरी यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. सामान्य माणसाचा तर्क असा चालेल, की ज्या बँकेला आपल्या वहिवाटीत फार बदल करावे लागले तिला खर्च फार आला असेल आणि जिची वहिवाट आधीपासूनच कायद्याला धरून होती तिचे थोडक्यात भागले असेल. प्रत्यक्षात प्रारंभीचा खर्च बदलाच्या प्रमाणाशी फारसा निगडित नाही, असेच त्यांच्या आकड्यांवरून दिसले. कारण उघड आहे. बदल करावा लागो वा न लागो, कायदा वाचावा लागतो, वकिलाला विचारावे लागते, प्रत्येक नमुना काढून तो कायद्याशी ताडून पाहावा लागतो आणि कर्मचाऱ्यांना बसवून शिकवावे लागते. आपल्याला काहीच करावे लागत नाही हे कळण्यासाठीही जवळजवळ तेवढीच यातायात पडते. यातून निघणारे अनुमान नियम करणाऱ्यांना अस्वस्थ करणारे आहे: एकदाच केलेल्या मोठ्या सुधारणेपेक्षा दर सहा महिन्यांनी केलेल्या किरकोळ दुरुस्त्या महाग पडू शकतात. ‘थोडीशीच दुरुस्ती आहे, बँकांना जड जाणार नाही’, हे परिपत्रकांच्या जगातले अत्यंत प्रिय वाक्य या अभ्यासापुढे टिकत नाही.

आणि ज्या खर्चाचा नियमाच्या आकाराशी संबंध थोडा, त्याचा बँकेच्या आकाराशीही थोडाच असतो. म्हणजे तो लहान बँकेवर प्रमाणाबाहेर पडतो. मिनियापोलिसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हे एका चतुर रीतीने दाखवले. नियमांचा खर्च किती, या वादात पडण्याऐवजी त्यांनी विचारले: समजा, नव्या नियमांमुळे बँकेला दोन माणसे जास्त नेमावी लागली, तर काय होईल? पाच कोटी डॉलरांहून कमी मत्ता असलेल्या बँकांत मत्तेवरील नफ्याचा दर मध्यमानाने ०.४५ टक्क्याने घटेल आणि अशा बँकांपैकी आणखी ३३ टक्के तोट्यात जातील, असे उत्तर आले. अर्ध्याच माणसाची भर पडली तर घट ०.१४ टक्क्याची आणि तोट्यात जाणाऱ्या बँका आणखी ६ टक्के. या गणितात मोजलेला खर्च एकही नाही. दोन माणसे लागतीलच असे लेखकांनी कोठेही म्हटलेले नाही. परंतु वादात हे आकडे उद्धृत होतात तेव्हा ‘समजा’ हा शब्द वाटेत कोठेतरी गळून पडतो, आणि कल्पना केलेली दोन माणसे खरोखरीची होऊन बसतात.

दुसरीकडे, ज्यांना खर्च सोसावा लागतो त्यांनाच प्रश्नावली पाठवून उत्तरे गोळा करण्याची रीत सर्वांत सोपी आणि सर्वांत संशयास्पद. जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या मर्केटस केंद्राने २०१४ मध्ये ४१ राज्यांतल्या सुमारे २०० लहान बँकांकडून डॉड-फ्रँकविषयी अशी माहिती मिळवली. ज्यांना कायद्याचा जाच वाटतो ते उत्साहाने उत्तर देतात आणि ज्यांना तो वाटत नाही ते प्रश्नावली केराच्या टोपलीत टाकतात, हा अशा पाहणीतला जन्मजात दोष. पण म्हणून उत्तर देणारे खोटे बोलतात असे मात्र नाही. पाच कर्मचाऱ्यांच्या खेडवळ बँकेत रोखपालच नियमपालन अधिकारीही असतो, आणि त्याची संध्याकाळ कशात गेली हे त्याच्यावाचून दुसरा कोण सांगणार?

या साऱ्या चर्चेत एक गफलत फार वेळा होते, ती निस्तरल्यावाचून पुढे जाता येत नाही. २०१० च्या उन्हाळ्यात अमलात आलेल्या ‘रेग्युलेशन ई’मधील दुरुस्तीने असे ठरवले, की एटीएम आणि बहुतेक डेबिट कार्ड व्यवहारांत ओव्हरड्राफ्टचे शुल्क लावावयाचे तर ग्राहकाने त्या सोयीला आधी स्पष्ट होकार दिलेला असला पाहिजे. संमतिपत्र छापणे, होकार नोंदवून ठेवणे, संगणकाला ती नोंद पाहावयास शिकवणे, हा नियमपालनाचा खर्च. पण ज्यांनी होकार दिला नाही त्यांच्याकडून पूर्वी मिळणारे शुल्क बुडाले, तो खर्च नव्हे. तो पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला, एवढेच. बँकेच्या दृष्टीने दोन्ही नुकसानच असल्यामुळे तिच्या कैफियतीत दोन्ही एकाच बेरजेत येतात, आणि बहुधा दुसरी रक्कम पहिलीहून कितीतरी मोठी असते. क्रेडिट कार्डांविषयीच्या २००९ च्या कायद्यावर सुमित अगरवाल आणि त्यांच्या तिघा सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, शुल्कांवरील निर्बंधांमुळे कार्डधारकांचे वर्षाला ११.९ अब्ज डॉलर वाचले आणि त्याची भरपाई व्याज वाढवून किंवा कर्ज आखडून बँकांनी केल्याचे आढळले नाही, असा निष्कर्ष निघाला. बँकांच्या बाजूने पाहिले तर ही तेवढीच ‘हानी’. पण तिला नियमपालनाचा खर्च म्हणणे म्हणजे सावकाराने बंद झालेल्या मनोतीला दप्तरखर्च म्हणण्यासारखे आहे.

पाच वर्षांनी मूल्यमापन करण्याच्या बंधनातून जे अहवाल निघाले, त्यांतला ऑक्टोबर २०२० चा अहवाल गृहकर्जाच्या माहितीपत्रकांविषयी आहे. ३ ऑक्टोबर २०१५ पासून अमलात आलेल्या या नियमाने, दोन निरनिराळ्या कायद्यांखाली कर्जदाराला मिळणारी कागदपत्रे एकवटून कर्जाआधी तीन पानांचा अंदाज आणि व्यवहार पुरा होण्यापूर्वी तीन दिवस पाच पानांचा अंतिम तपशील, अशी दोन पत्रके ठरवून दिली. पत्रक लहान झाले म्हणून खर्च लहान झाला असे नव्हे: नियम अमलात आणण्याचा एकवेळचा खर्च कर्ज देणाऱ्या संस्थांनी २०१५ मधल्या प्रत्येक कर्जामागे सुमारे १४६ डॉलर, म्हणजे कर्ज देण्याच्या एकूण खर्चाच्या सुमारे २ टक्के, असा सांगितला, आणि व्यवहार पुरा करून देणाऱ्या पेढ्यांनी प्रत्येक व्यवहारामागे सुमारे ३९ डॉलर सांगितला, जो त्यांच्या खर्चाच्या दहा टक्क्यांहून थोडा अधिक भरतो. डॉलरांत पाहावे तर दुसऱ्यांचा बोजा हलका, टक्क्यांत पाहावे तर तोच पाचपट जड. आणि कोणता आकडा पुढे करावयाचा हे बोलणारा कोणाच्या बाजूचा आहे यावर ठरते.

परदेशी पैसे पाठवण्याविषयीचा, ऑक्टोबर २०१३ पासूनचा नियम आपल्या वाचकांपैकी काहींच्या प्रत्यक्ष ओळखीचा असेल. न्यू जर्सीत किंवा शिकागोत राहणारा मराठी मुलगा पुण्यातल्या आईवडिलांना पैसे पाठवतो, तेव्हा शुल्क किती, विनिमयाचा दर कोणता आणि इकडे अखेर किती रुपये हाती पडतील, हे त्याला आधी सांगितले जाते आणि पैसे भरल्यावर अर्ध्या तासाच्या आत बेत रद्द करता येतो, ते या नियमामुळे. येथे खर्च पत्रक छापण्यात नव्हता. ज्या लहान बँकेचे पैसे दोन-तीन मध्यस्थ बँकांच्या हातून जातात, तिला शेवटच्या मध्यस्थाने किती कापून घेतले हे स्वतःलाच ठाऊक नसे. नियमाने तिला जे सांगावयास लावले ते जाणून घेण्यातच तिचा पैसा जाई. वर्षाला १०० पर्यंत हस्तांतरणे करणाऱ्या संस्थांना या नियमातून वगळणारी मर्यादा २०२० मध्ये ५०० वर नेण्यात आली, तिच्यामागे लहान संस्थांची हीच अडचण होती.

मग हे सारे लाभ आणि खर्च एका आकड्यात आणता येतील काय? शिकागोचे एरिक पोस्नर आणि ग्लेन वाइल यांनी आणता येतील आणि आणावेच, असे आग्रहाने मांडले. हार्वर्डचे जॉन कोट्स यांनी २०१५ मध्ये, अमेरिकेच्या त्या नव्या ग्राहकसंरक्षण खात्याच्या गृहकर्ज-नियमांसह सहा उदाहरणे तपासून, असे आकडे म्हणजे आज तरी नेमकेपणाचा वेष घातलेले तर्क आहेत, असा निर्वाळा दिला. मला कोट्स यांचे म्हणणे पटते, पण अर्धेच. एकूण किती, या प्रश्नाला उत्तर नाही म्हणून कशावर आणि कोणावर, या प्रश्नांनाही नाही असे होत नाही. सात बँकांच्या त्या अभ्यासाने पहिल्याला बगल देऊन दुसऱ्या दोहोंना हात घातला, हेच त्याचे मोल.

आपल्याकडे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने मार्च २०१३ मध्ये सादर केलेल्या अहवालातील वित्तीय संहितेच्या मसुद्यात, प्रत्येक वित्तीय नियमासोबत लाभ-खर्चाचे विश्लेषण जोडण्याची तरतूद सुचवली होती. ती संहिता कायदा झाली नाही. दरम्यान ग्राहकसंरक्षणाचे नियम मात्र येत गेले. जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने, तिऱ्हाइताने केलेल्या अनधिकृत व्यवहाराची वर्दी ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत दिली तर त्याच्यावर काहीच दायित्व नाही, दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करावी आणि ९० दिवसांत निकाल लावावा, असे ठरवले. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदाराला वार्षिक दरासह मुख्य तपशिलाचे पत्रक देणे बंधनकारक झाले. नियमांचा बोजा हलका करण्यासाठी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने पुनर्विलोकन प्राधिकरण नेमले, आणि मे २०२५ मध्ये नियम घडवण्याची जी रीत जाहीर केली तिच्यात शक्य तेवढे परिणामांचे विश्लेषण करण्याचेही कलम आहे.

देशातल्या सर्वाधिक नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांतल्या कित्येकींत वर वर्णिलेला रोखपाल तंतोतंत सापडेल. अशा बँकांवर नव्या नियमाचा भार किती पडला हे पाच वर्षांनी विचारण्यात अर्थ नाही. तोवर जुनी वहिवाट कोणाला आठवत नाही. नियमाचा मसुदा ज्या दिवशी चर्चेसाठी प्रसिद्ध होतो, त्याच दिवसापासून निरनिराळ्या आकाराच्या दहा-बारा बँकांत कोणत्या कामाला किती वेळ लागतो याची रोजनिशी ठेवली आणि नियम अमलात आल्यानंतरही वर्षभर तीच चालू ठेवली, तर ‘नियम नसता तर’ या प्रश्नाचे उत्तर निदान त्या एका नियमापुरते, कल्पनेतून न काढता नोंदीतून काढता येईल. याला नव्या खात्याची गरज नाही, फारशा पैशाचीही नाही. मसुद्याच्या तारखेपूर्वी त्या बँका निवडून ठेवल्या पाहिजेत, एवढेच.